चोवीस व्होल्टची सोल्डरिंग आयर्न आणि बिटावरचे शंभर व्होल्ट

सोल्डरिंग आयर्नवर छापलेले २४ व्होल्ट म्हणजे हीटरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज. बिट (आयर्नचं तापणारं टोक) आणि जमीन यांच्यात किती व्होल्ट आहेत, याचा त्या आकड्याशी काही संबंध नाही. दोन पिनांच्या लॅपटॉप चार्जरवर टीएस१०० सारखी डीसीवर चालणारी छोटी आयर्न लावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक प्रोब बिटाला आणि दुसरा खात्रीच्या अर्थिंगला लावा. बहुतेक वेळा शंभराच्या आसपास आकडा दिसतो. चार्जर कंपनीचा असो की बाजारातला, यात फारसा फरक पडत नाही.

मोबाइल दुरुस्ती शिकायला आलेली पोरं हमखास विचारतात, "दादा, चोवीस व्होल्टचीच आहे की, मग हाताला झिणझिण्या कुठनं येतात?" याचं नीट उत्तर द्यायचं तर बिटापासून निघून थेट जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत जावं लागतं. सोलापुरात नवी पेठेतल्या दुकानात फोनच्या बोर्डवर काम करणारे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागावर नक्षी विणणाऱ्या इलेक्ट्रॉनिक जकार्डची कार्डं सुधारणारे आणि घरी टेबलावर आवडीने सर्किट जोडणारे, तिघांचा रस्ता हाच. फक्त तो दोन्ही टोकांनी तपासायचा असतो. बहुतेक जण आयर्नच्या टोकाला थांबतात आणि सॉकेटमागे काय आहे हे बघायचं राहून जातं.

व्होल्टेज बिटावर येतं कसं

आताचे जवळजवळ सगळे चार्जर आणि स्टेशनमधले पॉवर सप्लाय एसएमपीएस, म्हणजे वेगाने स्विचिंग करून व्होल्टेज उतरवणारे असतात. त्यात आतल्या स्विचिंगचा गोंगाट दाबण्यासाठी मेनच्या बाजूकडून आउटपुटच्या बाजूला एक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. हा निळा, चकतीसारखा वाय कपॅसिटर साधारण १ ते ४.७ नॅनोफॅरडचा असतो. ब्रिज रेक्टिफायरमुळे मेनच्या बाजूची 'ग्राउंड' अर्धा वेळ फेजला आणि अर्धा वेळ न्यूट्रलला चिकटलेली असते. म्हणून जमिनीच्या तुलनेत तिथे मेनच्या साधारण निम्मं एसी व्होल्टेज नाचत असतं आणि वाय कपॅसिटर तेच पलीकडे पोचवतो. आउटपुटचा निगेटिव्ह कुठेच बांधलेला नसेल तर तोही त्याच तालावर नाचतो आणि त्याच्यासोबत आयर्नचं बिटही.

आकडा मांडून पाहू. २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्झला साधारण १.४५ मेगाओहम अडथळा देतो. मागे ११५ व्होल्ट धरले, तर बिटाला अर्थ केल्यावर जास्तीत जास्त ७९ मायक्रोअँपिअर वाहतील. मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम असल्याने तो एवढ्याशा करंटवरही जवळजवळ पूर्ण ११५ व्होल्ट दाखवतो. "हे खोटं व्होल्टेज आहे, मीटर फसवतंय," असं म्हणणारे इथे अर्धेच बरोबर असतात. मागे ताकद फार कमी आहे हे खरं, पण व्होल्टेज खोटं नाही.

लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या स्टेशनमध्ये वाय कपॅसिटर नसतो, पण दोन वाइंडिंगमध्ये आपोआप तयार झालेली काही शे पिकोफॅरडची कपॅसिटन्स असतेच. गळती कमी असते, शून्य नसते.

तिसरा प्रकार सगळ्यात घातक, आणि तो ओळखणंही सगळ्यात अवघड. आयर्न थ्री-पिन टॉपची (प्लगची) आहे, पण अर्थ मागे कुठेतरी तुटलेलं आहे. थ्री-पिन सप्लायच्या फिल्टरमध्ये फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन वाय कपॅसिटर असतात. अर्थ तुटलं की पत्र्याच्या बॉडीवर बरोबर निम्मं व्होल्टेज येतं, आणि दोन्ही कपॅसिटरची क्षमता एकत्र धरावी लागत असल्याने करंटही दोन पिनांच्या चार्जरपेक्षा जास्त. त्यात आयर्न आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असतील आणि त्या बोर्डाचं अर्थ तुटलेलं असेल, तर कॉम्प्युटरची गळतीही त्याच पट्टीवरून तुमच्या बिटापर्यंत येते. कॉम्प्युटरसारख्या अर्थ केलेल्या उपकरणाला मानकातच ३.५ मिलिअँपिअरपर्यंत मुभा आहे. म्हणजे बिट नीट अर्थ केलेली चांगली आयर्न तुटक्या अर्थवर लावली, की ती स्वस्त दोन पिनांच्या आयर्नपेक्षा वाईट ठरते.

माणसाला काय, पार्टला काय

माणसाला ५० हर्ट्झचा करंट जाणवायला साधारण अर्धा मिलिअँपिअर लागतो. ७९ मायक्रोअँपिअर त्याच्या खूप खाली. तरी पातळ कातडीवरून, म्हणजे मनगटाच्या मागच्या बाजूने धातूवर हलकेच हात फिरवला तर खरखर जाणवते. दोन पिनांच्या उपकरणाला स्पर्शाचा करंट पाव मिलिअँपिअरपर्यंत चालतो, त्यामुळे कायद्याने तो चार्जर दोषी नाही. त्याची जबाबदारी तुम्हाला शॉक न बसू देण्याची. तुमचा मॉस्फेट (गेटवरच्या व्होल्टेजने चालणारा ट्रान्झिस्टर) वाचवणं त्याच्या कामात येत नाही.

मॉस्फेटचं गणित वेगळं आहे. आयआरएफ५४० घ्या किंवा २एन७०००, गेट आणि सोर्स या दोन पिनांमधली सततची मर्यादा २० व्होल्ट. २एन७००० ची गेट कपॅसिटन्स जास्तीत जास्त ५० पिकोफॅरडच्या घरात. सोर्स कुठूनतरी अर्थला गेलेला असेल आणि गेटला तुमचं तरंगतं बिट लागलं, तर २.२ नॅनोफॅरडपुढे ५० पिकोफॅरड म्हणजे काहीच नाही. सगळं व्होल्टेज गेटच्या ऑक्साइडवर, म्हणजे त्याच्या पातळ इन्सुलेशनवर येतं. त्यासाठी करंट लागत नाही, दाब पुरतो. बऱ्याचदा ऑक्साइडला बारीक भोक पडतं, पार्ट त्या दिवशी चालतो आणि पुढे कधीतरी बसतो. गिऱ्हाईक परत येतं तेव्हा आपण पार्टच्या क्वालिटीला बोल लावतो.

"सोर्स कुठूनतरी अर्थला गेलेला" ही अट दुकानात किती सहज पूर्ण होते ते बघा. बोर्डला यूएसबी केबल लावून कॉम्प्युटर जोडलाय, कॉम्प्युटर थ्री-पिनवर, झालं अर्थ. सीआरओची (ऑसिलोस्कोपची) प्रोब ग्राउंडला अडकवून ठेवलीय, पुन्हा अर्थ. बेंच सप्लायचा निगेटिव्ह अर्थला बांधलाय, तेही अर्थ. उलट बोर्ड लाकडी टेबलावर मोकळा पडलेला असेल तर बिट त्याला संपूर्णच उचलतं, पिनापिनांत फरक राहत नाही आणि सहसा काही बिघडत नाही. म्हणूनच काही जण वर्षानुवर्षं दोन पिनांवर काम करतात आणि त्यांचं नुकसान होत नाही. पार्टला मारतो तो बिट आणि बोर्ड यांच्यातला फरक. अर्थिंग हा दोघांना एका पातळीवर आणायचा मार्ग आहे.

आधी सॉकेट

आयर्न उघडण्याआधी भिंतीतलं सॉकेट तपासा. मल्टिमीटर ७५० व्होल्ट एसीवर. प्रोबच्या तारांचं इन्सुलेशन चिरलेलं नको, एक हात खिशात ठेवायची सवय चांगली. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट, असं दिसलं तर प्राथमिक पास.

फेज ते अर्थ शंभर-सव्वाशे आणि न्यूट्रल ते अर्थही तसंच काहीतरी दिसत असेल, तर अर्थची तार मागे तुटलेली आहे आणि तुम्ही हवेतली तार मोजताय. न्यूट्रल ते अर्थ अगदी ०.० असेल, आणि खोलीतली इस्त्री किंवा गीझर लावल्यावरही जराही हलत नसेल, तर खूश होऊ नका. सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एका तारेने जोडलेले असण्याची शक्यता मोठी. जुन्या चाळीत आणि भाड्याच्या गाळ्यात हा प्रकार सर्रास चालतो. टेस्टर, मीटर, बल्ब सगळे "अर्थिंग आहे" म्हणतात. पण ज्या दिवशी त्या लाइनचा न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी चालू असलेल्या पंख्यातून, ट्यूबमधून आलेली फेज सरळ तुमच्या बिटावर आणि स्टेशनच्या पत्र्यावर बसेल. हा जंपर दिसला तर त्या सॉकेटवर काम थांबवा, आधी तो काढून घ्या.

मीटरची ही तपासणी अर्थ आहे की नाही एवढंच सांगते, ते किती चांगलं आहे हे सांगत नाही. फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून बघायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. तरी ती स्वतः करू नका. अर्थ कच्चं असेल तर बल्बमधून येणारा जवळजवळ अर्धा अँपिअर इमारतीतल्या सगळ्यांच्या अर्थच्या तारेवर व्होल्टेज चढवतो, आणि त्या क्षणी कुणाचा हात वॉशिंग मशिनला असेल ते आपल्याला ठाऊक नसतं. परवानाधारक वायरमनकडून अर्थ टेस्टर लावून घ्या.

आता आपल्या मातीचं. सोलापूर आणि आजूबाजूला वर काळी माती, खाली मुरूम आणि मग बेसॉल्टचा कातळ. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही महिने काळी माती ओल धरून ठेवते, अर्थिंगला याहून चांगली माती शोधून सापडणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर गेला की तीच माती आक्रसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि खड्ड्यातल्या पाइपपासून ती सुटते. पाइप आणि माती यांच्यात हवेची फट पडली की इलेक्ट्रोड नावापुरता उरतो. दुसरी अडचण कातळाची. आयएस ३०४३ या मानकात पाइप इलेक्ट्रोड किमान अडीच मीटर लांब सांगितलाय. चार-पाच फुटांवर कातळ लागला की खणणारा तिथेच थांबतो, पाइप कापून आखूड बसवला जातो आणि वर सिमेंटचं झाकण बसलं की कुणाला कळत नाही. अशा जागी एकाच खोल पाइपाचा हट्ट सोडून थोड्या अंतरावर दोन-तीन इलेक्ट्रोड घालून ते पट्टीने एकत्र जोडणं शहाणपणाचं.

म्हणून अर्थची मोजणी मे महिन्यात करून घ्या. सप्टेंबरातला चांगला आकडा पुढच्या उन्हाळ्याची हमी देत नाही. खड्ड्याच्या पाइपला वर फनेल असेल तर फेब्रुवारीपासून आठवड्याला बादलीभर पाणी घालत राहा. पट्टीचा नटबोल्ट गंजलेला असतो तोही त्याच वेळी उघडून, घासून, पुन्हा आवळा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट ठेवायला हवी. बिटाच्या गळतीपुरतं पाहिलं तर अर्थचा खड्डा शंभर ओहमचा असला तरी चालतं. ७९ मायक्रोअँपिअर गुणिले १०० ओहम म्हणजे ८ मिलिव्होल्टसुद्धा होत नाहीत. खड्डा चांगला लागतो तो खऱ्या फॉल्टसाठी. स्टेशनच्या आत फेजची तार सुटून पत्र्याला लागली, तर शंभर ओहमच्या अर्थमधून २.३ अँपिअरच वाहतील. ६ अँपिअरचा एमसीबी तेवढ्याने पडत नाही आणि पत्रा जिवंत राहतो. अशा वेळी जीव वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे गळती झाली की लाइन तोडणारा स्विच. आयर्न, स्टेशन, हॉट एअर ज्या लाइनवर आहेत तिथे तो असलाच पाहिजे. खर्चाचा विचार करायची ही जागा नव्हे.

शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये बेंच असेल तर आणखी एक. तिथे बऱ्याच मोटरी एकाच अर्थवर असतात, वाइंडिंगमध्ये सुताची धूळ आणि तेल बसलेलं असतं. खड्डा कच्चा पडला की या सगळ्यांची गळती मिळून अर्थच्या तारेवरच व्होल्टेज उभं राहतं. तिथे बिट अर्थ करून बोर्ड मोकळा ठेवणं उपयोगाचं नाही. बिट, टेबलावरची ईएसडी मॅट (स्थिर वीज जमिनीत सोडणारी) आणि बोर्डची ग्राउंड एकाच बिंदूला आणा, म्हणजे तार वर-खाली झाली तरी तिघं एकत्र होतील.

बिट ते अर्थ पिन

सॉकेट पास झालं की आयर्नकडे या. टॉप सॉकेटमधून काढा. मल्टिमीटर सर्वांत खालच्या ओहम रेंजवर ठेवून दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा आणि दिसणारा आकडा, बहुधा ०.२ ते ०.५, लक्षात ठेवा. तो पुढच्या मापातून वजा करायचा.

आता एक प्रोब टॉपच्या जाड अर्थ पिनेला, दुसरा बिटाला. काळ्या पडलेल्या बिटावर प्रोब टेकवून काही कळत नाही, तो थर इन्सुलेटर आहे. बिटाला ताजं सोल्डर चढवा, थंड होऊ द्या, त्या चकचकीत भागावर प्रोब दाबा. ईएसडी, म्हणजे स्थिर विजेच्या नियंत्रणाच्या एस२०.२० या मानकात नव्या आयर्नला बिट ते अर्थ २ ओहमच्या आत आणि वापरातल्या आयर्नला १० ओहमच्या आत लागतं. बिटावरचं व्होल्टेज २० मिलिव्होल्टच्या खाली. दुकानात मी १० ला शेवटची मर्यादा धरतो आणि ५ च्या वर गेलं की साफसफाई करतो.

थंड असताना पास झालेली आयर्न गरम असताना नापास होऊ शकते, आणि हॅको कंपनीच्या ९०७ प्रकारच्या हँडलमध्ये हे नेहमीचं. तिथे बिट सिरॅमिक हीटरवर टोपीसारखं बसतं आणि त्याचा अर्थशी संपर्क बाहेरच्या नळीतून होतो. तापल्यावर धातू फुगतो, आतल्या बाजूला ऑक्साइड जमलेला असतो, संपर्क ढिला पडतो. हे धरायचं असेल तर पितळेचा एक जाड नट घ्या, त्यावर सोल्डरचा थेंब बसवा, नटाला क्रॉक क्लिप लावा. आयर्न ३५० अंशांवर तापवा, टॉप काढा आणि लगेच बिट त्या थेंबात बुडवून नट ते अर्थ पिन मोजा. वितळलेल्या सोल्डरमधून मिळणारा संपर्क प्रोबच्या टोकापेक्षा कितीतरी खरा असतो. आकडा स्थिर हवा. हँडल हलवल्यावर तो उड्या मारत असेल तर केबलमधली अर्थची तार मोडायला आलीय. ती बहुधा हँडलच्या रबरी बुडाशीच मोडते, कारण तिथेच रोज वाकते.

गळती मोजायची रीत

इथे दोन रेझिस्टर लागतात, १०० किलोओहम १ वॅट आणि १ किलोओहम अर्धा वॅट. क्रम चुकवू नका.

आयर्न चालू करा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर, बिट आणि खात्रीचं अर्थ यांच्यात लावा. आकडा लिहून ठेवा. आता मीटरच्या दोन प्रोबमध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर क्रॉक क्लिपने जोडा. ११५ वरून आकडा ७-८ व्होल्टवर कोसळला तर ती कपॅसिटरची गळती. आकडा फारसा हललाच नाही, तर हीटरचं किंवा ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन गेलेलं आहे आणि हा प्रकार जिवावरचा आहे. तिथेच बंद करा, पुढची पायरी नको. आधी १०० किलोओहम लावायचा तो यासाठीच. पूर्ण २३० व्होल्ट आले तरी त्यात अर्धा वॅटच जळतो. १ किलोओहम आधी लावला असता तर पन्नास वॅटने हातातच पेटला असता.

पहिली पायरी सुरळीत गेली की १०० किलोओहम काढून १ किलोओहम लावा आणि मीटर एसी मिलिव्होल्टवर घ्या. इथे हिशोब सोपा होतो, जितके मिलिव्होल्ट तितके मायक्रोअँपिअर. ७९ मिलिव्होल्ट दिसले तर गळती ७९ मायक्रोअँपिअर. हा आकडा चार्जरवर मार्करने तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तो दुप्पट झाला तर काहीतरी बिघडतंय हे न बोलता कळेल.

टेस्टर बिटाला लावून निऑन पेटतो का बघणारे पुष्कळ आहेत. निऑन काही मायक्रोअँपिअरवरही मंद पेटतो आणि पूर्ण फेजवरही पेटतो. त्यावरून निरुपद्रवी कोणतं आणि जीवघेणं कोणतं ते ठरवता येत नाही.

चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर लाइट गेल्यावर तेच माप पुन्हा घेऊन बघा. लहरीच्या उभ्या कडा वाय कपॅसिटरमधून सहज निसटतात, त्यामुळे झिणझिण्या वाढतात. नाजूक काम तेवढ्या वेळापुरतं बाजूला ठेवा.

दुरुस्ती

दोन पिनांच्या चार्जरवरच्या आयर्नसाठी सोपा उपाय म्हणजे थ्री-पिनचा चार्जर. पण तीन पिना दिसल्या म्हणून समाधान मानू नका. अर्थ पिन आणि डीसी जॅकच्या बाहेरच्या नळीत ओहम मोजा. काहींत सरळ जोडणी असते, काहींत मध्ये रेझिस्टर असतो, काहींत तिसरी पिन फक्त फिल्टरपुरती. सरळ जोडणीचा निवडा, आणि तरीही बिटापर्यंतचं माप घ्या, कारण निगेटिव्ह अर्थ झाला म्हणजे बिट झालंच असं नाही. टीएस१०० ला मागच्या टोकाला अर्थसाठी छोटा स्क्रू दिलेला आहे. त्याला मऊ सिलिकॉन तार आणि क्रॉक क्लिप लावून बेंचच्या अर्थ बिंदूला बांधली की दोन पिनांचा चार्जरही चालतो. गळती वाहत राहते, पण ५ ओहमच्या वाटेवर ७९ मायक्रोअँपिअर म्हणजे ०.४ मिलिव्होल्ट, आणि त्याने कोणताही पार्ट मरत नाही.

या तारेत "सुरक्षेसाठी" १ मेगाओहम घालायचा सल्ला खूप ऐकू येतो. तो मनगटाच्या पट्ट्यासाठी बरोबर आहे, बिटासाठी नाही. १.४५ मेगाओहमच्या गळतीपुढे १ मेगाओहम ठेवला तर बिटावर अजून ६५ व्होल्ट उरतात, म्हणजे काम झालंच नाही. बिटाला सरळ तार, माणसाला १ मेगाओहम. मनगटाचा पट्टा कधीही सरळ तारेने अर्थ करू नका. दुसरा हात चुकून फेजला लागला तर तो १ मेगाओहमच तुम्हाला वाचवतो.

टी१२ (हॅकोचाच दुसरा प्रकार) आणि ९०७ च्या नकलांची पेटी उघडली की बऱ्याचदा एकच कमतरता सापडते. टॉपची अर्थ तार पत्र्यापर्यंत येते आणि तिथेच संपते, हँडलच्या सॉकेटपर्यंत कुणी नेलेलीच नसते. उघडण्याआधी टॉप काढून ठेवा आणि पाच-दहा मिनिटं थांबा, कारण मुख्य कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतात. त्याच्या पायांवर मीटर लावून व्होल्टेज उतरल्याची खात्री करा, मगच हात घाला. हँडलच्या पाच पिनांपैकी बिटाशी बझर वाजणारी पिन शोधा. त्या पिनेपासून हिरव्या-पिवळ्या ०.७५ चौरस मिलिमीटर तारेने पत्र्याच्या अर्थ बिंदूपर्यंत जोडणी करा. लगच्या खालचा रंग पत्रा चमकेपर्यंत खरवडा, स्टार वॉशर घाला आणि नट आवळा. रंगावर बसवलेला लग बझर वाजवतो, सहा महिन्यांनी मात्र गंजून सुटतो. सप्लायचा अर्थ टर्मिनल आणि टॉपची अर्थ तार याच बिंदूवर आणा, पण मेनच्या अर्थला वेगळा नट द्या. हँडलची तार काढताना तो ढिला व्हायला नको.

९०७ मध्ये बिटाच्या आतल्या बाजूला जमलेला काळा थर पितळी ब्रशने काढा आणि नळीचा नट बोटाने घट्ट करा. बिटाच्या टोकावर मात्र सँडपेपर चालवू नका, लोखंडाचा पातळ थर निघून आतलं तांबं उघडं पडतं आणि सोल्डर ते खाऊन टाकतं. टी१२ मध्ये बिटाच्या धातूच्या अंगाला टेकणारी स्प्रिंग असते. ती दमलेली असेल तर किंचित आत वाकवा.

वाय कपॅसिटर कापून टाकायचा उपाय सुचवणारेही भेटतात. तो कापल्याने गळती कमी होते, पण ट्रान्सफॉर्मरमधली कपॅसिटन्स राहतेच, आणि सप्लायचा गोंगाट तुमच्या कामाच्या बोर्डमध्ये शिरतो. त्याहून वाईट म्हणजे नंतर कुणीतरी तिथे साधा सिरॅमिक कपॅसिटर बसवतं. वाय प्रकार बिघडला तरी शॉर्ट होऊ नये अशा बेताने बनवलेला असतो. साधा शॉर्ट झाला की मेन थेट बिटावर.

अर्थिंग अजिबात नसेल तर

भाड्याचा गाळा, मालक खड्डा खणू देत नाही, हे रोजचं चित्र आहे. नळाचा पाइप अर्थ समजू नका, आता बहुतेक ठिकाणी तो प्लास्टिकचा असतो. खिडकीचे गज तर नाहीच नाही. अशा ठिकाणी बिटाची अर्थ तार, मॅट आणि बोर्डची ग्राउंड क्रॉक क्लिपने एकत्र बांधा आणि बोर्डला यूएसबी, प्रोब, सप्लाय काहीही जोडलेलं ठेवू नका. तिघंही तरंगतील, पण एकत्र तरंगतील.

याहून चांगलं म्हणजे पीडी (यूएसबीवरून जास्त व्होल्टेज देणाऱ्या) पॉवर बँकेवर चालणारी पाइनसिलसारखी आयर्न, किंवा बॅटरीवर टीएस१००. पॉवर बँक त्या वेळी चार्जिंगला लावलेली नसेल तर मेनशी नातंच उरत नाही, गळती शून्य. आणि हातात फक्त चार्जरवरची आयर्न असेल तर बिट तापल्यावर चार्जर सॉकेटमधून काढा, नाजूक पिन पहिल्या काही सेकंदांत जोडून घ्या, पुन्हा लावा. कष्टाचं आहे, पण गेट वाचतो.

कोरड्या हवेतली स्थिर वीज

बिट अर्थ झालं तरी माणूस राहतोच. उन्हाळ्यात हवेत ओल नसते, अंगात टेरिकॉटचा शर्ट आणि खाली प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीतून उठताना अंगावर हजारो व्होल्ट सहज चढतात. ही वीज आयर्नच्या गळतीपेक्षा वेगळी. ती बिटामुळे येत नाही आणि बिट अर्थ करून जातही नाही. मनगटाचा पट्टा, ईएसडी मॅट आणि बिट यांच्या तारा बेंचच्या कडेला एका पितळी बोल्टवर आणा, आणि त्या बोल्टपासून एकच जाड तार सॉकेटच्या अर्थला जाऊ द्या. सुती कपडे घाला, सोलापुरात तरी त्यांचा तुटवडा नाही. कूलर बेंचजवळ असेल तर ओलीचा फायदा होतो, फक्त वाऱ्याचा झोत बिटावर नको, तापमान खाली पडत राहतं आणि जोड कच्चा राहतो.

अर्थ केलेल्या बिटाने चालू बोर्डला हात लावू नका. बोर्डवरची १२ व्होल्टची रेल बिटातून अर्थला, तिथून यूएसबीच्या ग्राउंडला, असा सरळ शॉर्ट होतो. टीव्ही, यूपीएस किंवा एलईडी ड्रायव्हरच्या मेनच्या बाजूला तर टॉप सॉकेटमधून काढल्याशिवाय आणि मोठा कपॅसिटर उतरल्याची मीटरने खात्री केल्याशिवाय बिट नेऊच नका. तिथली 'ग्राउंड' म्हणजे फेजच असते, आणि तुम्ही एवढ्या काळजीने अर्थ केलेलं बिट तिला सरळ जमिनीची वाट दाखवतं.